जुन्या गाडीच्या इंजिन ब्लॉकचे कोअर प्लग बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरचा. माझ्याकडे १९६८ ची महिंद्रा सीजे-३बी जीप आहे, हरिकेन इंजिनाची. तिचे कोअर प्लग बदलल्यापासून जुन्या जीप, ॲम्बेसेडर आणि पद्मिनी सांभाळणारी मंडळी मला फोन करून साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

कोअर प्लग म्हणजे नेमकं काय? दुकानात काय म्हणून मागायचं?

इंजिन ब्लॉकच्या बाजूला, मागे, कधी हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) टोकालाही रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, गोल, पत्र्याच्या चकत्या ठोकून बसवलेल्या दिसतात. त्यांच्या आत वॉटर जॅकेट असतं, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी खेळवणारी पोकळी. ही भोकं बुजवणाऱ्या चकत्या म्हणजे कोअर प्लग. दुकानात ‘वेल्च प्लग’ म्हटलं की लवकर कळतं. नुसतं ‘प्लग’ म्हटलंत तर समोरचा माणूस स्पार्क प्लगच काढून देईल. वेल्च हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्या वेल्च बंधूंवरून आलं. त्याआधी या भोकांना आटे पाडून पाइपाचे प्लग बसवत.

प्रकार मुख्यतः दोन. एक वाटीसारखा, उभी कड असलेला. दुसरा बशीसारखा, मधे फुगीर. दोन्ही बसवण्याची रीत अगदी उलटी आहे, त्यामुळे आपल्या ब्लॉकला कुठला आहे ते आधी बघून घ्या.

ब्लॉकला ही भोकं ठेवतातच कशाला? अखंड ओतला असता तर गळायचा प्रश्नच नव्हता.

अखंड ओतता येत नाही, हेच खरं कारण. आणि ते मला पुस्तकातून नाही, आमच्या शिरोलीच्या एका फौंड्रीत उभं राहून कळलं.

ब्लॉक बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. तो ओतायचा म्हणजे बाहेरचा आकार वाळूच्या साच्यात घ्यायचा, आणि आत जिथे जिथे पोकळी हवी तिथे तिथे त्या पोकळीच्या आकाराची वाळूचीच एक मूर्ती ठेवायची. ही मूर्ती म्हणजे कोअर. मी पाहिलेला कोअर एका वॉटर जॅकेटचा होता: चार सिलिंडरभोवती गुंडाळलेली, बोटभर जाडीची, नक्षी काढल्यासारखी वाळूची भिंत. कोअर शॉपमधल्या माणसाने तो दोन्ही तळव्यांवर तान्ह्या बाळासारखा उचलला, कारण एका कोपऱ्याला धक्का लागला की तुकडा पडतो. जुन्या काळी ही वाळू जवसाच्या तेलात कालवून भट्टीत भाजत, आता रेझिन वापरतात.

तर हा नाजूक कोअर साच्यात अधांतरी कसा राहणार? त्याला बाजूंनी वाळूचेच जाड पाय काढलेले असतात, ते साच्याच्या भिंतीत टेकतात. वरून साधारण १,३५० ते १,४०० अंश सेल्सिअसचा रस ओततात. रस थिजला की जिथे पाय होते तिथे ब्लॉकच्या भिंतीला आरपार भोकं राहतात. त्याच भोकांतून आतली वाळू फोडून, झटकून बाहेर काढतात. मग ती भोकं मशीनवर गोल करायची आणि पत्र्याच्या चकतीने बंद करायची.

म्हणून नाव कोअर प्लग. तुमच्या गाडीच्या ब्लॉकवर जिथे प्लग आहे, तिथे ती गाडी जन्मायच्या आधी वाळूचा एक पाय टेकलेला होता. मला हे कळल्यापासून ब्लॉककडे बघायची नजरच बदलली.

मग याला ‘फ्रीज प्लग’ का म्हणतात? पाणी गोठलं तर हे प्लग उडून ब्लॉक वाचतो ना?

हा समज फार पक्का रुजलेला आहे, पण प्लग त्या कामासाठी बसवलेले नसतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. त्या रेट्याने कधी प्लग बाहेर येतो आणि ब्लॉक बचावतो, हे खरं. पण तितक्याच वेळा प्लग जागच्या जागी राहून ब्लॉकच तडकतो, कारण बर्फ जॅकेटच्या कुठल्या कोपऱ्यात आधी धरेल हे आपल्या हातात नसतं.

कोल्हापुरात किंवा नागपुरात ही भीती नाही. पण जीप घेऊन लेह-लडाखला जाणारे खूप आहेत, आणि इंग्लंड-अमेरिकेत जुनी गाडी बाळगणारे मराठी लोकही आहेत. त्यांनी प्लगच्या भरवशावर साधं पाणी ठेवू नये. थंड देशांत एक प्लग काढून त्याच भोकात विजेचा ब्लॉक हीटर बसवायची पद्धत आहे, ती मात्र चांगली.

प्लग गळतोय हे कसं ओळखायचं?

थंड इंजिनावर टॉर्च मारून प्रत्येक प्लगची कड बघा. गळणाऱ्या प्लगखाली ब्लॉकवर तांबूस ओघळ असतो, कूलंट घातलेलं असेल तर हिरवट किंवा पांढरी, खडूसारखी पुटं. प्लगच्या मधोमध गंजाचा फोड आलेला असेल तर तो नखाने खरवडून बघू नका, निदान घरापासून लांब असताना तरी नाही. फोडाखाली बहुतेक वेळा काहीच उरलेलं नसतं.

दुसरी खूण म्हणजे रेडिएटरमधलं पाणी आठवड्याला थोडं थोडं कमी होतं आणि जमिनीवर डाग दिसत नाही. मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या, धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) आडचा प्लग झिरपला की पाणी गरम लोखंडावरच वाळतं. गाडी बंद केल्यावर बॉनेट उघडून वास घ्या. तापलेल्या कूलंटचा गोडसर वास एकदा कळला की विसरत नाही.

इंजिन ऑइल दुधाळ झालं असेल तर मात्र संशय हेड गॅस्केटवर किंवा तडकलेल्या हेडवर घ्या. कोअर प्लग बहुधा बाहेर गळतो, ऑइलमध्ये नाही.

गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्यातून थेंब पडतात. मिस्त्री म्हणतात मागचं ऑइल सील गेलं. तसंच असेल का?

असेलही. पण आधी पांढऱ्या कागदावर तो थेंब धरा. बऱ्याच इंजिनांना ब्लॉकच्या मागच्या तोंडाला, फ्लायव्हीलच्या आड, एखादा प्लग असतो. तो गळला की पाणी बेल हाउसिंगमधून (क्लचवरच्या कवचातून) खाली येतं, वाटेत जुनं ऑइल आणि क्लचची धूळ धुऊन आणतं आणि काळं दिसतं. बोटांत चोळलं की पाणी पटकन वाळतं, ऑइल राहतं.

याच भागात कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाचाही प्लग असू शकतो. तो दिसायला वेल्च प्लगसारखाच, पण त्याच्या आड ऑइल असतं. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर सील, पाण्याचा प्लग आणि कॅमचा प्लग हे तिन्ही त्याच वेळी बघून घ्या. हे न केल्यामुळे महिन्याभरात परत गिअरबॉक्स उतरवलेले दोन लोक मला माहीत आहेत.

एकच प्लग गळतोय. तेवढाच बदलला तर चालेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझं उत्तर ठाम आहे: नाही, सगळे बदला.

माझ्याच जीपचं सांगतो. घेतली तेव्हा ब्लॉकच्या कडेचा एक प्लग चकचकीत नवा होता आणि त्याच्याभोवती सिलिकॉनचा लगदा फासलेला होता. आधीच्या मालकाने एका गॅरेजात ‘गळती काढून’ घेतली होती. चार महिन्यांनी, राधानगरीच्या रस्त्यावर चढाला, शेजारचा प्लग गेला. झिरपला वगैरे नाही, पिचकारीसारखा सुटला, आणि सगळं पाणी दोन मिनिटांत रस्त्यावर. काटा वर जाताना दिसला म्हणून लगेच इंजिन बंद केलं, नाहीतर हेड गेलं असतं.

तो प्लग मी अजून जपून ठेवला आहे. उजेडासमोर धरला की त्यातून सुईच्या टोकाएवढी सात-आठ भोकं चमकतात. बाहेरून त्याच्यावर रंग शाबूत आहे. बाहेरून कोणीही त्याला चांगलाच म्हटलं असतं.

कारण प्लग आतून कुजतो. सगळे प्लग एकाच दिवशी बसलेले असतात, एकाच पत्र्याचे, आणि एकाच पाण्यात इतकी वर्षं काढलेले. ब्लॉकची भिंत जाड, तिला गंजायला शतक लागेल. प्लगचा पत्रा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर. एक आरपार गेला म्हणजे बाकीच्यांची मुदतही भरत आली आहे, एवढंच तो सांगतो.

आणि दुसरी गोष्ट, जी मला प्लगपेक्षाही महत्त्वाची वाटते. तो प्लग काढल्यावर मागे पाणी दिसायला हवं होतं, तिथे गेरूसारखा घट्ट लाल चिखल होता. स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर उभा राहिला. मागच्या दोन सिलिंडरभोवती निम्म्या उंचीपर्यंत पाणी फिरतच नव्हतं. म्हणजे जीप चढाला तापते, रेडिएटर बदलला तरी तापते, या तक्रारीचं मूळ तिथे होतं. नुसती चकती बदलून भोक बंद केलं असतं तर तो चिखल अजून दहा वर्षं आतच राहिला असता. प्लग बदलण्याचा खरा फायदा हा आहे: तुमच्या हयातीत एखाद्याच वेळी वॉटर जॅकेटमध्ये हात घालायची संधी मिळते. ती अर्धवट सोडू नका.

हळद, एम-सील किंवा बाटलीतलं लीक-स्टॉप औषध वापरून भागेल का?

हळदीने घरापर्यंत येता येतं. रस्त्यावर अडकलात आणि झिरपणं बारीक असेल तर रेडिएटरमध्ये जरूर टाका. पण ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते आणि लीक-स्टॉपचंही तेच. बाहेरून पुट्टी लावायची तर प्लग अगदी कोरडा आणि चकाकेपर्यंत घासलेला हवा, आणि गंजलेला प्लग इतका घासला की तो फुटतोच. म्हणून हे सगळे उपाय त्या दिवसापुरते.

प्रवासात बरोबर ठेवण्यासारखी एक वस्तू म्हणजे रबरी एक्सपान्शन प्लग. दोन चकत्यांमध्ये रबर, मधे बोल्ट. भोकात घालून नट आवळला की रबर फुगून गच्च बसतं. हातोडीला जागा नसलेल्या अडचणीच्या ठिकाणी लोक तो कायमचाही ठेवतात. मी ठेवणार नाही, कारण रबर तेलाने आणि उष्णतेने खराब होतं.

पोलादी घ्यावा, पितळी की स्टेनलेस?

मी पितळी बसवले. पितळ गंजत नाही, आणि थोडं मऊ असल्यामुळे जुन्या, किंचित ओबडधोबड भोकात चांगलं मिसळून बसतं. बीड आणि पितळ एकत्र आले की गंज वाढेल अशी शंका काही जण काढतात. तत्त्व बरोबर आहे, पण त्यात झिजणार ते बीड, आणि पितळाच्या छोट्या चकतीपुढे बीडाचा ब्लॉक केवढा तरी मोठा. चांगलं कूलंट असेल तर व्यवहारात फरक पडत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी प्लगही वाईट नाहीत. मूळ गाडीत बहुधा तेच होते, आणि कूलंट वेळेवर बदलणाऱ्याच्या गाडीत ते वर्षानुवर्षं टिकतात. स्टेनलेस कडक असतं, तिरकं बसलं तर दुरुस्त करणं अवघड जातं.

माप कसं घ्यायचं?

भोकाचं घ्या, जुन्या प्लगचं नाही. काढताना जुना प्लग वाकतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वर्नियरने भोक दोन-तीन दिशांनी मोजा. वाटीचा प्लग भोकापेक्षा मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशांनी मोठा असायला हवा, तेवढ्या कसावरच तो धरतो. हाताने दाबून आत जात असेल तर तो प्लग चुकीचा, मग सीलंट कितीही लावा.

इथे इंच आणि मिलिमीटरचा घोळ होतो. जीप आणि ॲम्बेसेडर इंचातल्या, कारण एकीचं मूळ अमेरिकेत आणि दुसरीचं इंग्लंडात. पद्मिनी मूळची फियाट, ती मिलिमीटरमधली. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिलिमीटर, आणि दुकानदार ‘तेच ते’ म्हणून ३२ चा देतो. या कामात पाव मिलिमीटर फार मोठा असतो. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसला जाताना वर्नियर खिशात घेऊन जा आणि काउंटरवरच प्रत्येक प्लग मोजून घ्या. दोन जास्तीचे घ्या. एखादा तिरका बसून वाया जातोच.

इंजिन उतरवावं लागतं का?

बाजूच्या प्लगसाठी बहुतेक वेळा नाही. मॅनिफोल्ड, स्टार्टर, डायनॅमो किंवा इंजिन ज्यावर टेकतं त्या फाउंडेशनचा एखादा ब्रॅकेट काढला की हातोडीला जागा मिळते. मागच्या प्लगसाठी गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवायला लागतं. दर्शनी प्लग तासाभरात होतो, मागच्याला दोन दिवस धरा. क्लच प्लेट बदलायची वेळ जवळ आली असेल तर तोवर थांबून दोन्ही कामं एकत्र करा.

जुना प्लग काढायचा कसा?

आधी इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची तार काढा. रेडिएटरचा आणि ब्लॉकचा असे दोन्ही नळ उघडा. ब्लॉकचा नळ उघडून काहीच आलं नाही तर पाणी संपलं असं समजू नका, नळच गाळाने बुजलेला असतो. तार घालून मोकळा करा. निघालेलं कूलंट बादलीत धरा आणि लगेच झाकून ठेवा. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात, आणि मरतात.

वाटीच्या प्लगसाठी बोथट पंच घ्या. प्लगच्या तळावर, कडेच्या अगदी जवळ, एकाच बाजूला ठोका. ती बाजू आत जाते, समोरची बाहेर येते, आणि प्लग दारासारखा फिरून आडवा होतो. मग बाहेर आलेली कड पकडीत धरून, ब्लॉकच्या कडेवर लाकडाची पट्टी टेकवून, ओढून काढा. दोन गोष्टी टाळा: मधोमध जोरात ठोकू नका, नाहीतर प्लग सरळ आत जाईल. आणि प्लग व भोकाच्या मधे छिन्नी घालू नका. भोकाच्या भिंतीला पडलेला एक उभा ओरखडा पुढे कायम झिरपत राहतो.

बशीचा प्लग असेल तर मधे भोक पाडून उचकटायचा. इथे मी फार जपतो, कारण प्लगच्या मागे बोटभर अंतरावर सिलिंडरची भिंत असते. ड्रिल एकदम आरपार गेलं आणि हात पुढे पडला तर टोक तिच्यावरच आपटतं. म्हणून ड्रिलच्या बिटवर पाइपाचा तुकडा चढवून टोक फक्त ५-६ मिलिमीटर बाहेर ठेवतो. भोक पडलं की त्यात जाड स्क्रू फिरवून ओढतो, किंवा छोटी टॉमी (लोखंडी दांडी) घालून उचकटतो.

डोळ्यांना चष्मा लावा. गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर जाऊ नका, स्टँड लावा. खालून हातोडी मारताना गाडी हलते.

प्लग आत पडला. आता?

घाबरू नका, पण तसाच सोडूही नका. ‘राहू दे, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतील. तो पाण्याची वाट अडवतो आणि पुढे गंजून गाळ वाढवतो. पोलादी असेल तर काठीच्या टोकाला लोहचुंबक बांधून भोकाशी आणा, लांब नाकाच्या पकडीने आडवा करा आणि काढा. पितळीला चुंबक लागत नाही, तिथे तारेचा आकडा आणि धीर. फार आत सरकला तर शेजारच्या भोकातून ढकलता येतो.

आतली सफाई कितपत करायची?

स्वच्छ पाणी येईपर्यंत. सगळे प्लग काढा, तारेने गाळ सैल करा, होज पाइप लावा, परत तारेने खणा. माझ्या ब्लॉकमधून अर्ध्या बादलीच्या वर निघालं. तळाशी चमचाभर काळी वाळू होती, बोटांत चोळली तर करकरीत, गंजासारखी मऊ नव्हे. ती कोअरची वाळू. पन्नास वर्षांपूर्वी फौंड्रीत झटकायची राहून गेलेली.

क्षाराचे थर कडक असतील तर लिंबूसत्त्वाचं पाणी भरून ठेवतात. ते बीडाच्या ब्लॉकला चालतं, पण पद्मिनीसारखं ॲल्युमिनियमचं हेड असेल तर हेड उतरवलेलं असतानाच करा, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. आम्लाची सफाई नेहमी प्लग बदलण्याआधी. नवे प्लग बसवून मग आम्ल फिरवलं तर त्यांचाच मुलामा जातो.

शेवटी भोकाची कड पॉलिश पेपरने गोल फिरवत चकाकेपर्यंत घासा. जुनं सीलंट, रंग, गंज काही राहू देऊ नका. थिनरने पुसून कोरडी करा.

वाटीचा प्लग ठोकायची बरोबर पद्धत काय?

उघडी बाजू बाहेर. ठोकायचं साधन प्लगच्या आत जाऊन तळाच्या कडेवर टेकलं पाहिजे, वरच्या काठावर नाही. काठावर ठोकलं तर काठ आत वळतो आणि कस जातो. सॉकेट पान्याची योग्य मापाची गोटी मिळाली तर उत्तम. मला मिळाली नाही, म्हणून शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून माइल्ड स्टीलचा ठोकळा टर्न करून घेतला: प्लगच्या आतल्या व्यासापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान, मागे हातभर दांडा. लेथवाल्याने तो पाहून विचारलं, कशाला? सांगितल्यावर त्याने स्वतःच कडेला बारीक गोलाई दिली, म्हणाला, ‘नाहीतर पितळ कापेल, साहेब.’ त्याचं बरोबर होतं.

प्लग भोकावर टेकवा, बाजूने डोळा लावून सरळ आहे ना बघा, आणि दोन-तीन हलके ठोके द्या. परत बघा. तिरका असेल तर आत्ताच काढा, पुढे ठोकून तो सरळ होत नाही. सरळ असेल तर जड हातोडीचे संथ, भरीव ठोके. आवाज बदलत जातो, प्लगने पकड घेतली की खणखणीतपणा जाऊन घट्ट, भरलेला आवाज येतो. भोकाच्या तोंडाला जी उतरती कड असते, तिच्या खाली प्लगचा काठ जेमतेम मिलिमीटरभर गेला की थांबा. अजून आत म्हणजे अजून घट्ट असं नसतं.

आणि बशीचा?

फुगीर बाजू बाहेर. भोकात आत एक पायरी असते, प्लग तिच्यावर सपाट टेकला पाहिजे. मग प्लगच्या साधारण निम्म्या व्यासाचा सपाट ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) मधोमध ठेवून एक-दोन ठोके. फुगा सपाट होताना कड बाहेर पसरते आणि भिंतीत रुतते. सपाट झाला की काम संपलं. आणखी ठोकून मधे खळगा पाडलात तर कड परत आत ओढली जाते आणि प्लग सैल होतो. इथे हमखास चूक होते.

सीलंट कुठलं?

जुने मिस्त्री शेलॅक लावत आणि ते चालायचंही. आता कडक न होणारं किंवा धातूच्या जोडासाठीचं कुठलंही चांगलं सीलंट चालतं. प्लगच्या कडेला आणि भोकाला अगदी पातळ थर, बस्स. जाड सिलिकॉन टाळा. ते ठोकताना वंगणासारखं काम करतं, प्लग सरकतो, आणि आत पिळून गेलेला लगदा सुटून रेडिएटरकडे जातो. रात्रभर वाळू द्या, मगच पाणी भरा.

भोकाची कडच खड्डे पडून खराब झाली आहे.

बारीक खड्डे असतील तर सीलंट भरून काढतं. जास्त असतील तर किंचित मोठ्या मापाचे प्लग मिळतात का बघा. तेही नसेल तर भोक बोअर करून पुढच्या मापाचा प्लग. त्यासाठी ब्लॉक सुटा करून मशीनवरच न्यायला हवा, हँड ड्रिलने गोलाई येत नाही. प्लगच्या काठाभोवती पंचाचे ठिपके मारून तो ‘पकडवून’ देणाऱ्याला मात्र थांबवा, बीड ठिसूळ असतं.

काम झाल्यावर तपासायचं कसं?

रेडिएटरच्या तोंडाला लावायचा हातपंप मिळतो. कॅपवर जितका दाब लिहिला आहे तितकाच द्या आणि पंधरा मिनिटं काटा बघा. पंप नसेल तर गाडी तापवा, गार होऊ द्या, असं तीनदा करून प्रत्येक प्लगच्या कडेवर कोरडा टिश्यू फिरवा.

कॅपबद्दल एक विनंती. जुन्या गाड्यांच्या कॅप बहुधा ४ किंवा ७ पौंडांच्या असतात, आजच्या गाड्यांच्या १३ ते १५ च्या. मापात बसते म्हणून नवीन गाडीची कॅप लावू नका. तो जास्तीचा दाब प्लगवर, होजवर आणि जुन्या रेडिएटरच्या डागावर, म्हणजे झाळलेल्या जोडावर येतो.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. मग कूलंट कशाला, साधं पाणी काय वाईट?

याच समजुतीने आपल्याकडचे प्लग जातात. कूलंटचं गोठण्यापासून वाचवणं आपल्या कामाचं नसेल, पण त्यात गंज रोखणारी रसायनं असतात, ती आपल्याला हवीत. बोअरचं पाणी तर अजिबात नको. आपल्या पठारावरच्या बोअरच्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर कसा बसतो ते रोज बघतो आपण. तोच थर सिलिंडरभोवती बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, आणि दर दोन वर्षांनी बदल. गाडी फिरली नाही तरी बदल, कारण उभ्या गाडीतही ती रसायनं संपतात.

व्हिंटेज नोंदणीला या कामाने अडचण येते का?

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं असलेली व्हिंटेज नोंदणी मिळते. त्यात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल चालत नाहीत. प्लग बदलणं ही देखभाल आहे, फेरबदल नव्हे. तरी बिलं आणि जुन्या प्लगचे फोटो जपून ठेवा.

स्वतः करणार नाही, मिस्त्रीकडे देणार आहे. काय सांगू?

सगळे प्लग बदलायचे, प्लग मी मोजून आणून देतो, आणि प्लग काढल्यावर बसवायच्या आधी मला फोन करा, एवढं सांगा. फोन आला की खरंच जा. भोकातून टॉर्च मारा आणि सिलिंडरच्या भिंतीचं राखाडी बीड दिसतं का बघा. लाल दिसलं तर अजून धुवायला सांगा. जुने प्लग मागून घ्या आणि एकेक उजेडासमोर धरून बघा.